गाईड नसलेलं गाणं

सोप्रानो हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना चेष्टेतूनच ठाऊक असतो. जुन्या कार्टूनपटात एक अगडबंब बाई छातीवर हात ठेवून किंचाळते आणि समोरचा काचेचा पेला तडकतो. मीही बरीच वर्षं याहून जास्त काही जाणत नव्हते. मराठी माध्यमातून बी.ए. झाले, पस्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. गाण्याचं म्हणाल तर रेडिओवरची नाट्यगीतं, गणपतीतल्या आरत्या आणि स्नेहसंमेलनाला समूहगीतं बसवणं, एवढीच माझी पुंजी. तेव्हा पुढचं सगळं एका ऐकणारीचं मत आहे. जाणकारांनी रागावू नये.

सांताक्रूझला आमच्या शेजारी एक गोवेकर आंटी राहायच्या. चर्चच्या क्वायरमध्ये गायच्या. त्यांच्या मुलाने आखातातून कॅसेटींचा एक खोका पाठवला होता. त्यातली हँडेलच्या ‘मसाया’ची एक कॅसेट त्यांनी एका दुपारी मला ऐकवली. मी मनाची तयारी करून बसले होते, आता पेले फुटणार म्हणून! आणि लागला एक सरळ, स्वच्छ, बिनगाळाचा आवाज. तांब्यातून पाण्याची बारीक धार सोडावी आणि ती शेवटपर्यंत न तुटता पडत राहावी, तसा. मी विचारलं, “ही बाई ओरडत का नाही?” आंटी हसल्या. म्हणाल्या, “टीचर, ही पण आधी शाळेतच शिकवायची.”

ती एमा कर्कबी. १९४९ सालचा तिचा जन्म, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकली, मग शाळेत शिकवू लागली. गायची ती हौसेने, छोट्या गटांतून. व्यावसायिक गायिका व्हायचं तिच्या मनातही नव्हतं. ती कॅसेट १९८० साली निघालेल्या ध्वनिमुद्रणाची होती. ख्रिस्तोफर हॉगवुड आणि त्यांची अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक यांनी ‘मसाया’चं १७५४ सालचं रूप, लंडनच्या अनाथाश्रमात झालं होतं ते, हँडेलच्या काळातल्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवलं होतं. व्हायोलिनला पोलादाच्या जागी तातीच्या तारा. वाद्यवृंद मोजका. पट्टीही खाली उतरवलेली: ज्या स्वराची कंपनं आज सेकंदाला ४४० धरतात, तोच स्वर या मंडळींनी ४१५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली लावला.

आता यात गाणाऱ्या बाईचा संबंध काय, असं वाटेल. तर सगळाच संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातली ऑपेराची थिएटरं मोठी होत गेली, वाद्यवृंद साठ-सत्तर वादकांचा आणि त्याहूनही मोठा झाला, आणि मायक्रोफोन तर नव्हताच. त्या सगळ्या कल्लोळाला चिरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज घडवणं हीच मग गळ्याची तालीम ठरली. आवाज भरीव हवा, आणि स्वर लागला की तो सतत थरथरता ठेवायचा. त्या थरथरीला व्हिब्राटो म्हणतात. ती थरथर म्हणजेच पाश्चात्त्य गाणं, अशी आपली समजूत झाली आहे. पण ल्यूट नावाच्या तंतुवाद्यासोबत दिवाणखान्यात गाण्यासाठी १६०० च्या सुमारास रचलेलं गाणं त्या आवाजात गायलं तर ल्यूट बिचारी बुडून जाते. शब्द तर कळतच नाहीत. आमच्या लहानपणी संगीत नाटकाला जुनी मंडळी नाक मुरडायची, की नटाने तान घेतली आणि पद गेलं वाहून. तसंच काहीसं.

कर्कबी १९७३ पासून अँथनी रूली या ल्यूटवादकाच्या कन्सॉर्ट ऑफ म्युझिक या गटात गाऊ लागली. डाउलंड, मोंटेव्हर्दी, पर्सेल. मोंटेव्हर्दीचा ‘ओर्फेओ’ मांतोव्हाच्या दरबारात झाला १६०७ साली, म्हणजे आपल्याकडे तुकोबांच्या जन्माच्या आसपास. आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने गॉथिक व्हॉइसेस या गटाबरोबर बिंगेनच्या हिल्डेगार्डच्या रचना गायल्या. ही हिल्डेगार्ड बाराव्या शतकातली मठाधिपती (१०९८ ते ११७९), ज्ञानेश्वरांच्याही आधीची. ती तबकडी हायपेरिअन नावाच्या एका लहानशा कंपनीने काढली होती. आठशे वर्षांपूर्वीच्या जोगिणीची लॅटिन स्तोत्रं कोण विकत घेणार? पण ती तुफान खपली. १९८३ साली तिला ‘ग्रामोफोन’ मासिकाचा पुरस्कारही मिळाला. इंग्लंडच्या राणीने कर्कबीला २००७ साली डेम केलं.

मला इथे गाईड आठवतं. शाळेतलं हो, प्रश्नोत्तरांचं. आमच्या पिढीच्या शिक्षकांचा त्यावर मोठा राग. कवितेचा धडा सुरू करावा आणि मागच्या बाकावरून रसग्रहण तयार यावं! मोठ्या ऑपेराचं तसंच आहे. व्हेर्दीची किंवा पुच्चिनीची एखादी नायिका गायची तर तिच्या शंभर तबकड्या बाजारात आहेत. कॅलासने इथे श्वास कुठे घेतला, टेबाल्डीने तो स्वर किती लांबवला, सगळं ऐकून घेता येतं. त्यात कमीपणा मुळीच नाही, परंपरा अशीच चालते, आपल्या घराण्यांतही तेच आहे. पण जुन्या संगीतात ती सोय नव्हती. परंपरेचा धागाच तुटलेला. शे-दोनशे वर्षं कुणी गायलेलंच नाही, गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात काही उतरलेलं नाही. समोर नुसता कागद. त्यावर स्वर दिसतात, पण दुसऱ्या वेळी तीच ओळ आली की तिच्यात गाणारीने स्वतःच्या हरकती घालायच्या, हे कागदावर लिहिलेलं नसतं. ते त्या काळच्या शिकवणीच्या पुस्तकांतून शोधून काढावं लागतं. आणि रचनाकाराला विचारावं तर तो केव्हाच गेलेला.

माझं म्हणणं असं, की आज लिहिलेल्या संगीतातही गाणारीची स्थिती हुबेहूब हीच असते. कागद हातात येतो आणि जगात कुणीही तो आधी गायलेला नसतो. फरक एवढाच की रचनाकार जिवंत असतो, आणि तो तालमीच्या आदल्या रात्री फोन करून चार ओळी बदलू शकतो! म्हणूनच की काय, पाश्चात्त्य संगीतात एक गंमत दिसते. चारशे वर्षांपूर्वीचं गाणारी आणि गेल्या महिन्यात लिहिलेलं गाणारी ही बऱ्याचदा एकच बाई असते. मधलं, मळलेल्या वाटेचं शतक ती ओलांडून जाते. अचूक सूर, कागद पाहून चटकन वाचता येणं, स्पष्ट शब्द आणि कुणी दाखवून दिल्याशिवाय ठरवण्याची तयारी, ही दोन्हीकडची गरज सारखीच.

याला आक्षेप आहेत आणि ते मी लपवणार नाही. रिचर्ड टारस्किन या अमेरिकन संगीत-इतिहासकाराचं (ते २०२२ साली वारले) म्हणणं असं होतं, की ही ‘अस्सल जुन्या’ गायकी-वादकीची मंडळी खरं तर विसाव्या शतकाचीच आवड जुन्या नावाने खपवत आहेत. बिनगाळाचा सूर, हलकी लय, भावनेचा पसारा नको, हे मोंटेव्हर्दीपेक्षा स्ट्राव्हिन्स्कीच्या काळाशी जास्त जुळतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझा पापड मोडला. मग वाटलं, इतिहास शिकवताना मी तरी काय केलं? शिवकालाबद्दल प्रत्येक पिढीने आपल्याला हवे तेच प्रश्न विचारले. सतराव्या शतकात सगळ्या बायका कर्कबीसारख्याच गात होत्या, हे छातीठोकपणे कोण सांगेल? टारस्किन यांचं बोलणं बरंचसं खरं धरलं तरी माझ्या मते त्याने या गायिकांचं मोल कमी होत नाही. उलट जुनं आणि नवं एकाच गळ्यात का नांदतं, याचं उत्तरच त्यात मिळतं.

नव्याचं एक उदाहरण देते. बार्बरा हॅनिगन ही कॅनडाची सोप्रानो. ऐंशीहून अधिक नव्या रचना तिने पहिल्यांदा गायल्या आहेत. त्यांतली एक डेन्मार्कचे हान्स आब्राहामसेन यांची ‘लेट मी टेल यू’, २०१३ साली बर्लिनला झालेली. तिचे शब्द पॉल ग्रिफिथ्स यांचे, आणि ते कसे? तर ‘हॅम्लेट’ नाटकात ऑफिलियाच्या तोंडी जे शब्द आहेत तेवढेच वापरून, नवी जुळणी करून त्यांनी तिला तिची स्वतःची गोष्ट सांगायला लावली आहे. मराठीची शिक्षिका म्हणून मी या कल्पनेवरच लुब्ध झाले. बाहेरचा एक शब्द नाही, तरी पोरगी वेगळंच बोलते! आणि गाण्यात एका जागी एकाच अक्षरावर तोच स्वर ठोके दिल्यासारखा पुन्हापुन्हा येतो, ती युक्ती मोंटेव्हर्दीच्या काळातली. एकविसाव्या शतकातलं गाणं सतराव्या शतकाच्या खिशातून काहीतरी काढून घेतं. या रचनेला २०१६ चा ग्रावेमायर पुरस्कार मिळाला आणि ती अनेक ठिकाणी झाली. पण हे नशीब थोड्यांचं. बहुतेक नव्या रचनांचं आपल्या प्रायोगिक नाटकासारखं होतं. दोन-तीन महिने घासून बसवायचं, एका संध्याकाळी दीडशे लोकांपुढे गायचं, आणि कागद कपाटात. दुसरा प्रयोग मिळणं पहिल्यापेक्षा अवघड. मोठ्या ऑपेराची नायिका एकदा बसवलेली भूमिका वीस वर्षं वीस शहरांत गाते. ही बाई दर वेळी पाटी पुसून पहिल्यापासून सुरुवात करते. आणि तरी लोक म्हणतात, आवाज लहान ना, म्हणून या बाजूला वळली.

पण मला खरं लिहायचं होतं ते पॅट्रिशिया रोझारिओंबद्दल, कारण त्या मुंबईच्या. १९६० साली इथेच जन्मल्या. इथून लंडनला गेल्या, गिल्डहॉलमध्ये शिकल्या, तिथलं सुवर्णपदक मिळवलं. त्यांचा आवाज कर्कबीसारखा पांढराशुभ्र नाही. त्यात ऊब आहे, तळाशी थोडा काळोख आहे. जॉन टॅव्हनर या इंग्लिश रचनाकाराने तो ऐकला आणि पुढे त्यांच्यासाठी तीसहून अधिक रचना लिहिल्या. (अवांतर: सोळाव्या शतकात जॉन टॅव्हर्नर नावाचाही एक इंग्लिश रचनाकार होऊन गेला. मी बरेच दिवस दोघांना एकच समजत होते आणि हा माणूस चारशे वर्षं जगला कसा, या कोड्यात होते.) तीस रचना एका गळ्यासाठी! आपल्याकडे नाटककाराने एखाद्या नटाला डोळ्यांसमोर ठेवून भूमिका लिहिल्याच्या गोष्टी सांगतात, पण तीस?

१९९२ साली ऑल्डबराच्या महोत्सवात त्यांची ‘मेरी ऑफ इजिप्त’ झाली. शब्द मदर थेक्ला या ऑर्थोडॉक्स पंथाच्या जोगिणीचे. अलेक्झांड्रियाची एक वेश्या सगळं सोडून वाळवंटात जाते, आणि स्वतःच्या पुण्याईचा थोडा ताठा असलेला एक साधू तिला तिथे भेटतो, अशी कथा. आपल्या कान्होपात्रेच्या गावची वाटावी. मेरी झाल्या होत्या रोझारिओ. मग २००३ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये ‘द व्हेल ऑफ द टेंपल’. रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत, सुमारे सात तास. शब्द अनेक धर्मांचे, संस्कृतही त्यात. इंग्रज माणसं रात्रभर गाणं ऐकत चर्चमध्ये बसली याचं तिथल्या लोकांना फार अप्रूप वाटलं असणार. हरिनामाचा जागर पाहिलेल्या माणसाला त्यात नवल नाही. नवल वाटतं ते त्या रात्रीत उभं राहून गाणाऱ्या बाईच्या दमाचं.

माझी आवडती मात्र ‘इटर्निटीज सनराइज’ ही लहान रचना. विल्यम ब्लेकचे शब्द. ज्या अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिकची कॅसेट मी आंटींकडे ऐकली होती, तिच्याच पंचविशीसाठी टॅव्हनरनी ती लिहिली. १९९८ साली ती पहिल्यांदा झाली. राजकन्या डायनाच्या स्मृतीला वाहिलेली आहे. म्हणजे पाहा: तातीच्या तारांची, अठराव्या शतकातली वाद्यं, त्यांच्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीला लिहिलेलं नवंकोरं संगीत, आणि गळा मुंबईत जन्मलेल्या बाईचा. वर मी जे पानभर समजावत बसले ते सगळं या एका तबकडीत ऐकू येतं. वाद्यं अगदी मंद, आवाज उंचावर, आणि घाई कशाचीच नाही. आंटी तोवर गोव्याला परत गेल्या होत्या. त्यांना ऐकवायचं राहिलं.

रोझारिओंना २००१ साली ओ.बी.ई. मिळालं. पुढे त्या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवू लागल्या. आणि २००९ पासून त्यांनी व त्यांचे पियानोवादक पती मार्क ट्रूप यांनी भारतात येऊन इथल्या मुलामुलींना गळा तयार करायला शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. आमच्या मराठी वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल किती छापून आलं? मला तरी फारसं दिसलं नाही. परदेशात एखाद्या मराठी मुलाला कंपनीत बढती मिळाली तर फोटोसकट बातमी येते. मुंबईत जन्मलेल्या बाईसाठी एक मोठा रचनाकार तीस वेळा लेखणी उचलतो आणि आपल्याला पत्ता नसतो. ‘ते ख्रिश्चनांचं गाणं’ म्हणून आपण तो दरवाजा बंदच ठेवला, हे माझं स्पष्ट मत आहे. मीही त्यातलीच. शेजारी आंटी नसत्या तर मीही ठोठावला नसता.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. १९८६ च्या स्नेहसंमेलनाला मी सहावीच्या मुलींचं समूहगीत बसवत होते. तीस मुली, एक पेटी, समोर एक माईक. त्यात एक मुलगी होती, आवाज बारीक पण लखलखीत. अडचण अशी की तो इतरांत मिसळायचा नाही, वेगळा ऐकू यायचा. दुसऱ्या कडव्याला तर तिचा सूर साफ वेगळा पडायचा. दोन-तीन तालमी मी सोसलं. मग तिला म्हटलं, “तू मागच्या रांगेत जा आणि नुसते ओठ हलव.” ती काही बोलली नाही. गेली मागे. कार्यक्रम छान झाला, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली.

पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर, त्या संमेलनाची कुणीतरी जपलेली कॅसेट हाती आली. एका तालमीचं ध्वनिमुद्रणही तिच्यात होतं, मी तिला मागे पाठवण्याआधीचं. ऐकलं आणि गार पडले. दुसऱ्या कडव्याला एकोणतीस मुली जोरात गाता गाता हळूहळू पट्टी सोडून वर सरकत होत्या. पेटीबरोबर राहिली होती ती एकटी. चूक तिची नव्हतीच. माझा कान मोठ्या आवाजाच्या मागे गेला होता. बेसूर कोण, हे मी आवाजाच्या संख्येवर ठरवलं होतं.

ती मला माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भेटली. बँकेत आहे, मोठ्या हुद्द्यावर. मी चाचरत विषय काढला, तर खळखळून हसली. “अहो बाई, अजून आरतीलासुद्धा मी नुसते ओठच हलवते. सवयच लागलीय!” सगळ्या हसल्या, मीही हसले. कॅसेटबद्दल सांगायचा धीर मात्र मला त्या दिवशी झाला नाही.

तिने गाणं शिकायला हवं होतं, ती कर्कबी झाली असती, असलं काही मी म्हणत नाही. गाणं सगळ्यांना करिअर म्हणून कशाला हवं? पण आरती तर तिची होती. ती मी घेतली.

गेल्या आठवड्यात तिला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘इटर्निटीज सनराइज’ पाठवलं, रोझारिओंनी गायलेलं. सोबत त्या १९८६ च्या तालमीचा तुकडा, नातवाकडून मोबाईलवर उतरवून घेतलेला, आणि खाली लिहिलं, “दुसरं कडवं ऐक. पेटीकडे लक्ष दे.” दोन निळ्या खुणा उमटल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.